दोनदा वाचावं

"घे बाई, माहेरपणाला आलंय परत," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो जुना संगणक दुरुस्तीच्या दुकानातल्या तिच्या टेबलावर ठेवला, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा, आवाज न करता. आतल्या खोलीतून दादा ओरडला, "त्याला इथंच एक खोली बांधून देऊ! भाडंसुद्धा नको." बाई हसल्या, तीही हसली. त्याच दुखण्यासाठी चौथ्यांदा आला होता तो. बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा आणि पडदा काळाच राहायचा. मग आपोआप बंद, आपोआप चालू, पुन्हा पंखा, पुन्हा दिवा, पुन्हा काळोख. स्वप्नात पायरी चुकून माणूस दचकतो, डोळे उघडतो आणि पुन्हा त्याच पायरीवर येऊन पडतो, तसं त्याचं चाललेलं. हे सगळं आता सवयीचं झालं होतं. धक्का बसला तो बाई निघता निघता दारात थांबून जे बोलल्या त्याने. आणि बोलल्या तेही छत्री विसरल्याचं आठवावं इतक्या सहज. "अगं, सांगायचं राहिलंच. तुझे वडील आले होते आमच्या दुकानात."

तिच्या हातात पेचकस होता, तो तसाच राहिला. बाईंनी एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मधलं दिसत नाही त्यांना आता. कडेकडेचं दिसतं. समोरच्याचा चेहरा ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा, असं म्हणाले. ते काही चष्म्याचं काम नाही, मी स्पष्ट सांगितलं. डाग वाढत चाललाय, कुठवर जाईल कोण सांगणार? गुरुवारी दुपारी बोलावलंय, वाचायला मोठं भिंग हवंय त्यांना. म्हणाले, माझी मुलगी तुमचं मशीन दुरुस्त करते ना? मला मेलीला काय बोलावं तेच सुचेना. तू ये, नाहीतर येऊ नको, तुमच्या घरातलं तुम्हाला माहीत. पण मला आपलं आठवलं गं सगळं. तुझा पहिला चष्मा आमच्याकडचाच. माझे वडील आत काच घासत होते, मी शाळेतून येऊन गल्ल्यावर बसलेली. तुझ्या वडिलांबरोबर आलीस तू, एवढीशी. चष्मा नाकावर बसला, धावत दारात गेलीस आणि काय ओरडलीस! 'झाडाला पानं असतात!' सगळं दुकान हसलं. त्यांचा हात तुझ्या डोक्यावर, टोपी घातल्यासारखा." एवढं बोलून बाई रस्त्याला लागल्यासुद्धा. दाराची काच हलत राहिली, तिच्यात रस्ता हलत राहिला.

झाडाला पानं असतात, ही गोष्ट दादाची होती. घरात प्रत्येकाच्या वाटणीला एखादी गोष्ट येते, तशी ती त्याच्या वाटणीला आली होती. तिच्या लग्नात त्याने ती सांगितली, तेव्हा नवऱ्याकडची माणसं पोट धरून हसली होती. दुकानात नवं गिऱ्हाईक रेंगाळलं की तो सांगायचा. "बाबा घर सोडून गेले त्याच वर्षी आमच्या ठमाबाई भिंतींना धडकायला लागल्या. आईला कामातून मान वर करायला सवड नाही. मग मीच नेली हिला खांद्यावर बसवून. चष्मा घातला तर म्हणते कशी, दादा, झाडाला पानं असतात!" 'दादा' हा शब्द तो प्रत्येक वेळी तिच्या बालआवाजात म्हणायचा, जरा ओठ काढून. ऐकून ऐकून तिलाही तो आवाज आठवायला लागला होता. कुणी विचारलंच, की तुला खरंच आठवतं का गं, तर ती म्हणायची, स्वच्छ आठवतं. आणि आठवायचंच. आधी हिरवा गोळा, रंग सांडून ओघळल्यासारखा. मग नाकावर थंड वजन, कानामागे टोचणारी काडी, आणि त्या गोळ्याचे एकदम इतके तुकडे झाले, प्रत्येक तुकडा आपापला हलणारा, की तिला भीतीच वाटली होती, आता हे सगळं कोण सांभाळणार. आणि डोक्यावर हात. जड हात. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, त्याला यंत्राच्या पट्ट्यांना लावतात त्या ग्रीसचा वास. इथवर आलं की तिचं मन रोज जिथं न अडखळता पुढं जायचं तिथंच आज अडखळलं. दादा समोरच्या टेबलाशी येऊन बसला होता. त्याच्या हातांकडे ती बघत राहिली. लांब, बारीक, बोटांची टोकं निमुळती. सनईवाल्याला शोभावेत असे हात. ह्या मनगटाला तो जड हात तिने कधी शिवला होता? दुसऱ्याच्या सदऱ्याची बाही उसवून आणावी आणि आपल्या सदऱ्याला जोडावी, इतकं बेमालूम?

"काय म्हणत होत्या बाई?" दादाने विचारलं.

"काही नाही. मशीनचंच."

"चिप बदलून बघ."

"मागच्या वेळी बदलली की."

"मग सेल बघ."

"तोही बदलला, दादा."

त्याने पुढ्यातलं काम उचललं आणि डोळ्यांपासून लांब, हात ताणून धरलं, आरसा धरावा तसं.

मदरबोर्डवर एक आठ पायांची चिप असते. नखाएवढी. सगळ्या यंत्रात तीच आधी जागी होते, उजाडायच्या आत उठणाऱ्या बाईसारखी, आणि मग एकेकाला हलवून उठवते: तू पडदा, तू कळफलक, तू स्मृती, चला, उठा. तिच्यात जे लिहिलेलं असतं त्याला म्हणतात बायोस. ते लिहिलेलं बिघडलं की बाकी घर धडधाकट असूनही कुणी उठत नाही, पंखा तेवढा गरगरत राहतो. अशा वेळी त्या चिपला चिमट्यासारखी क्लिप लावायची, तिच्यावर चांगली नक्कल पुन्हा लिहायची, की झालं. ती आणि दादा हे काम किती वर्षं करत होते. दादाने दुकानाला घालून दिलेली एक रीतच होती: मशीन कशासाठीही येवो, पंखा पुसायला येवो नाहीतर नुसतं तपासायला, आधी चिप वाचून तिची नक्कल ठेवायची. "माणूस धड असताना त्याचा फोटो काढून ठेवावा," तो म्हणायचा, "आजारी पडल्यावर कसला काढता?" आणि दुसरी रीत त्याहून कडक. दोनदा वाचायचं. क्लिप काढायची, पुन्हा लावायची, पुन्हा वाचायचं, आणि दोन्ही वाचनं तंतोतंत जुळली तरच नक्कल खरी मानायची. क्लिपचा एखादा पाय जरासा सुटला असला तरी वाचन पूर्ण होतंच, यंत्र कुरकुरत नाही. फक्त मधेच कुठंतरी भलतंच लिहून येतं, आणि ते डोळ्यांना कळत नाही. तिला हे काम शिकवताना त्याने तिच्या बोटावर पट्टीच मारली होती, एकदाच वाचून पुढं गेली म्हणून. लटकीच मारली होती. तरी तिला रडू आलं होतं, आणि मग तिला हसवायला त्याने पानांची गोष्ट सांगितली होती.

बाईंचं मशीन बदलून टाकता येत नव्हतं. चष्म्याच्या काचा कापणारं त्यांचं यंत्र जुनं, त्याला दुसऱ्या कुणाची भाषा कळत नव्हती. संगणक बसला की काचा बाहेरगावी पाठवाव्या लागायच्या आणि गिऱ्हाइकं आंधळ्यासारखी खोळंबून राहायची. म्हणून तिने हे प्रकरण मनावर घेतलं होतं. नक्कल लिहिली की चिप लिहिणाऱ्या यंत्रावर, प्रोग्रॅमरवर, हिरवी ओळ यायची: जुळलं. मशीन सुरू व्हायचं, हसतखेळत घरी जायचं, काही दिवस नांदायचं, आणि पुन्हा तेच. पहिल्यांदा तिने वीजपुरवठा बदलला. मग घड्याळाचा सेल. मग चिपच काढून नवी बसवली, टाके भिंगाखाली तपासले. व्होल्टेज मोजलं, बाईंच्या दुकानात जाऊन भिंतीतली जोडणी पाहिली. सगळं चोख. आजही तिने पुन्हा तेच केलं, पण मन ठिकाणावर नव्हतं. हात काम करत होते आणि मन चष्म्याच्या दुकानाच्या दारात, हिरव्या गोळ्यासमोर उभं होतं. गुरुवार. मधलं दिसत नाही. चेहरा पुसल्यासारखा. म्हणजे ती गेली तरी तिचा चेहरा त्यांना दिसणार नाही, कडेनं काही दिसेल तेवढंच. आणि नाही गेली तर पुढं तेवढंही नाही. पण जायचं म्हणजे दादाला न सांगता जायचं, किंवा सांगून जायचं. ह्या दोन्हींपैकी काय जास्त वाईट, ते तिला ठरवता येत नव्हतं. ह्या घरात बाबांना 'तो माणूस' म्हणत. तो माणूस गेला तेव्हा त्याने मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, हे दादाचं वाक्य. तिचंही वाक्य. तिने ते किती जणांना सांगितलं होतं! कधी शंका आली तर दादालाच विचारायचं, "नाही ना रे पाहिलं?" आणि दादा म्हणायचा, "नाही." जुळलं.

आई तसं कधी म्हणाली नव्हती. आई काहीच म्हणायची नाही. कपडे वाळत घालताना स्वतःशीच काहीतरी जुळवून गुणगुणायची, चिमटे तोंडात धरलेले असायचे म्हणून निम्मे शब्द कळायचे नाहीत. त्यातलं एक मात्र तिच्याकडे राहिलं होतं:

झाडाला विचारा गं, पान कोणतं आवडीचं,
गळालं त्याचं दुखं, राहिलं ते सवडीचं.

लहानपणी तिला वाटायचं, हे आपलंच आहे, पानांची गोष्ट म्हणजे आपली म्हणून. गळालं ते कोण, हे मोठेपणी कळलं, विचारावं लागलं नाही. पण राहिलं ते कोण, ज्याच्याकडे नंतर, सवडीनं बघू असं म्हणत कुणी बघितलंच नाही, हे तिला आज, चिपचे आठ पाय भिंगाखाली न्याहाळताना पहिल्यांदा सुचलं, आणि भिंगातलं सगळं एकदम धूसर झालं. तिने चष्मा काढून डोळे पुसले. समोर दादा तसाच, हात ताणून बसला होता. सोल्डरची तार त्याने बिंदूवर टेकवली असं त्याला वाटत होतं. ती बिंदूच्या शेजारी टेकली होती. त्याने ती हलकेच सरकवली, चाचपत, अंधारात कडी शोधावी तशी. किती दिवस चाललं होतं हे? बारीक काम तिच्याकडे सरकवताना तो म्हणायचा, "तू कर, तुझा हात बसलाय." तिला बरं वाटायचं.

आणि मग तिच्या हातांना मनाच्या आधी कळलं. तिने सगळं बदललं होतं. पुरवठा, सेल, चिप, जोडणी. एकच गोष्ट बदलली नव्हती, कारण ती बदलायची असते हे डोक्यातच आलं नव्हतं. ती नक्कल. ह्या सगळ्या दुखण्याच्या आधी बाईंचं मशीन एकदा नुसतं पंखा पुसायला आलं तेव्हा दादाने घेतलेली. तिने ती उघडून पाहिली. इतर प्रत्येक मशीनच्या नावापुढे दोन वाचनं होती, ह्याच्यापुढे एक. दादाने तिचं नाव ठेवलं होतं 'हीच चांगली'. प्रोग्रॅमर जुळलं म्हणत होता, खोटं म्हणत नव्हता. त्याच्याकडे दुसरं होतंच काय ताडून बघायला? त्याला जे दिलं ते त्याने लिहिलं, आणि जे लिहिलं ते त्याच्याशीच ताडून पाहिलं. मशीनने सेटिंग जपून ठेवायची जागा असते, तिथंच कुठंतरी भलतं अक्षर पडलं असणार. ती जागा भरत येईपर्यंत सगळं सुरळीत. भरली, आवराआवर करायला घेतली, की कोसळलं. इतक्या दिवसांचं सुख म्हणजे फक्त तिथवर न पोचणं.

"दादा," ती म्हणाली, "नक्कल चुकलीय."

"कुठली?"

"बाईंच्या मशीनची. तू घेतलेली."

"चुकेल कशी? जुळते ना?"

"स्वतःशीच जुळते."

तो हसला, पण हसू ओठांवर पुरलं नाही. "ठमे, तू मला शिकवतेस? पट्टी आणू का?"

"एकदाच वाचलंयस. दुसरं वाचनच नाहीये."

दादाने सोल्डरिंगची लेखणी स्टँडमध्ये ठेवली. पहिल्यांदा ती स्टँडच्या बाहेर टेकली, मग आत गेली. "पाय दिसले नाहीत मला," तो म्हणाला. "क्लिप काढली तर पुन्हा लावता येईना. म्हटलं, लागलीय तर वाचून घेऊ. चांगलीच असेल. इतक्या वर्षांत कधी चुकलंय?" मग, तिच्याकडे न बघता, "तू होतीस इथंच. तुला हाक मारायचं जिवावर आलं."

ह्याच्यापुढं काही बोलू नये, असं तिला वाटलं. इतकं पुरे आहे, आजच्यापुरतं. ह्या माणसाने रांधून घातलं, वेण्या घातल्या, त्या वाकड्या आल्या म्हणून शाळेत मुली हसल्या तेव्हा शाळेच्या फाटकाशी उभा राहून भांडला. त्याच्याकडून आणखी काय काढून घ्यायचं? पण ओठ आधीच हलले होते. "मला पहिला चष्मा कुणी नेऊन घेतला, दादा?"

रस्त्यावर कुणीतरी शटर खाली ओढलं.

"बाई बोलल्या वाटतं."

"कुणी नेलं?"

"ते गेल्यावर एकदा आले होते," दादा म्हणाला. 'ते' म्हणाला. 'तो माणूस' नाही. "आई कामावर होती. तू धडपडतेस हे कुठून कळलं त्यांना, कुणास ठाऊक. म्हणाले, चल, दोघंही चला. तू गेलीस उडी मारून. मी म्हटलं, मी येणार नाही. मग मागून चालत आलो. तुला परत आणायला कुणीतरी पाहिजे ना? मला वाटलं, तुला घेऊनच जातील."

"मग तू होतास तिथं?"

"आत नाही आलो. बाहेर, झाडाखाली उभा होतो. तू दारात आलीस आणि ओरडलीस. माझ्याकडेच बघत होतीस." त्याने मान हलवली. "म्हणजे, पानांकडे बघत होतीस. मी पानांच्या खाली होतो. मला वाटलं, मलाच सांगतेयस."

त्या दिवशी त्यांनी दुकान उघडंच ठेवलं, गिऱ्हाइकं आली, गेली. दादाने एकाला चुकून दोनदा पावती दिली. तिला राग यायला हवा होता, आणि येतही होता, पण तो कुणावर टेकवावा हे कळत नव्हतं; दादाच्या तारेसारखा तो बिंदूच्या शेजारीच पडत होता. एवढ्याशा मुलाने, भेदरलेल्या, झाडाखाली उभं राहून जे वाचलं ते एकदाच वाचलं. क्लिपचा एक पाय सुटलेला होता. त्यानं तेवढंच जपलं, तेच तिच्यावर लिहिलं, आणि ती त्याच्यावर इतकी वर्षं सुरळीत चालली. सुखाने चालली, हे तरी कसं नाकारायचं? आज ती जागा भरत आली, एवढंच.

बाईंच्या डोळे तपासायच्या खोलीत त्याच खेपेचा दुसरा संगणक होता, बिघडलेल्याचा जुळा भाऊ म्हणावा असा, कधी न आजारलेला. त्याची चिप वाचायची, आपल्या मशीनचा स्वतःचा क्रमांक तेवढा त्यात घालायचा, आणि लिहायचं. त्यासाठी तिथं जायलाच हवं होतं, आणि त्या दुपारी तिथं कोण येणार आहे तेही तिने दादाला सांगून टाकलं. गुरुवारी दुपारी तिने क्लिप, प्रोग्रॅमर, भिंग पिशवीत भरलं. दादा दाराशी चपला घालत होता.

"तू कुठं?"

"क्लिप धरायला."

"क्लिप मी धरीन."

"मग नंबर काढायला," दादा म्हणाला. "बाईंनाही जरा धंदा होऊ दे. नाहीतरी फुकट माहेरपण करतोय त्यांचं."

बाईंच्या दुकानासमोर पोचल्यावर त्याने पिशवी तिच्या हातात दिली. "तू हो पुढं. मी आलोच." ती आत गेली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, काही न विचारता आतला पडदा बाजूला केला आणि स्वतः काचा पुसायला लागल्या.

तपासायच्या खुर्चीत एक म्हातारा माणूस बसला होता. भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचून दाखवत होता, कुणी सांगितलं नसताना. पहिलं अक्षर बरोबर आलं. दुसऱ्या ओळीत त्याने आठवून काहीतरी म्हटलं, ते तिथं नव्हतं. खुर्चीच्या हातावर त्याचा हात होता. अंगठ्याचं नख काळं होतं, जन्मभर काळंच राहिलेलं. तिच्या डोक्यावर काहीतरी जड टेकलं, इतक्या वर्षांवरून.

तिने टेबलावर पिशवी ठेवली. जुळ्या संगणकाचं झाकण काढलं, क्लिप लावली, वाचायला घेतलं. क्लिपचे पाय बरोबर बसले. वाचन संपलं. क्लिप काढली, पुन्हा लावली, पुन्हा वाचलं. हिरवी ओळ आली. मागं म्हाताऱ्याने पाटी वाचायचं थांबवलं होतं.

"बाई, कोण आलंय?" त्याने विचारलं.

"मशीनवाली," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

तो हलला नाही. मग त्याने हळूहळू मान फिरवली, आणि तिला आधी वाटलं तो तोंड फिरवतोय. तिच्यापासून दूर, पार खिडकीपर्यंत फिरवली. तेव्हा कुठं तिला कळलं, की तो तिच्याकडे बघतोय. बघायचं तर त्याला असंच बघावं लागत होतं, मान वळवून, दुसरीकडे.

"चष्मा आहे का गं अजून?" तो म्हणाला.

"आहे."

"जाड?"

"बराच."

त्याने हं म्हटलं. मग त्याने चेहरा सरळ तिच्यापुढं आणला, जिथून ती त्याला मुळीच दिसत नव्हती, आणि खिडकी त्याच्या कडेला आली. त्याच्या कपाळावर आठी पडली. "तिकडं कुणीतरी उभं आहे," तो म्हणाला. "झाडाखाली. तोच ना? तेव्हाही तिथंच उभा होता. मी बोलावलं, आला नाही. जाताना चार वेळा वळून बघितलं, तर पाठ करून उभा."

तिने चष्मा काढला. खिडकीत हिरवा गोळा होता, ओघळलेला, त्यात झाड नव्हतं, माणूस नव्हता. तिने काचा ओढणीला पुसल्या आणि चष्मा पुन्हा घातला. पानं आली, एकेक, आपापली हलणारी. त्यांच्या खाली दादा होता, रस्त्याकडे तोंड करून, खिशात हात घालून.

ती दारात गेली. हाक तिच्या घशात आली ती लहानपणच्या आवाजात, जरा ओठ काढून, आणि ह्या खेपेला ती हाक कुणी शिकवलेली नव्हती.

"दादा!"

तो वळला. बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला, दारात कोण उभं आहे ते त्याला नीट दिसत नसावं. मग त्याने वर बघितलं, पानांकडे, आणि खिशातून हात बाहेर काढले.